सुमतीबाईंची मार्कशीट

सुमतीबाई रक्ताच्या रिपोर्टला मार्कशीट म्हणायच्या. हुबळीजवळ, मळमड्डीतल्या माझ्या छोट्याशा लॅबमध्ये आल्या, की आधी दारातल्या बाकावर बसून राहायच्या. बोलण्याइतका श्वास गोळा झाला की आत यायच्या, हात पुढं करायच्या आणि मी सुई उघडायच्या आत विचारायच्या, "शैले, मागच्या खेपेला किती पडले मला?"

त्यांनी मला शाळेत गणित शिकवलं. रडवून शिकवलं. सहामाहीत एका मार्कानं नापास झालेल्या मुलीचे वडील त्यांच्याकडं रदबदली करायला गेले, तर बाई म्हणाल्या, "आकडा खोटं बोलत नाही हो अण्णा. खोटं बोलायला माणसं पुरेशी आहेत." ती मुलगी मीच. तेव्हा बाईंचा मला भयंकर राग आला होता. पण वार्षिक परीक्षेआधी त्यांनीच मला रोज संध्याकाळी घरी बोलावलं, समोर बसवून गणितं घातली, आणि चुकलं की कान पिळून हातावर शेंगदाण्याचा लाडू ठेवला.

बाईंनी लग्न केलं नाही. आईमागं धाकट्या भावांना त्यांनीच वाढवलं. शाळेला निघण्याआधी सगळ्यांचे डबे व्हायचे ते भुशाच्या शेगडीवर, खिडकी नसलेल्या स्वयंपाकघरात. भाऊ शिकले, नोकऱ्यांना लागले, लांब गेले. धूर तेवढा बाईंच्या छातीत राहिला. निवृत्तीनंतर फुप्फुसांचा आजार पक्का झाला. एरवी बरं असायचं, पण मधूनच तो उसळायचा आणि उसळला की बाईंना अक्षरशः पाण्याबाहेर काढल्यासारखं व्हायचं. प्रत्येक उसळीनंतर त्या थोड्या कमीच परत यायच्या.

दोन हजार सालानंतर हुबळीत छातीचे एक तरुण डॉक्टर आले. उसळी येण्याआधी तिची चाहूल रक्तात लागते का, हे ते तपासत होते. शरीरात कुठं सूज धुमसायला लागली की रक्तात सीआरपी नावाचा पदार्थ वाढतो. तो नेमानं मोजत राहिलं तर औषध आधीच सुरू करता येईल, असा त्यांचा विचार. "अक्कोरु, हे काही पंचांग नाही," ते बाईंना बजावायचे. आमच्याकडं शाळेतल्या बाईंना कन्नडात अक्कोरुच म्हणतात. "कधी सांगेल, कधी नाही सांगणार. पण सांगितलं तर ऐकायचं."

एकदा रक्तानं सांगितलं. बाई ठणठणीत होत्या, मला हिशेबातल्या चुका दाखवत होत्या, आणि आकडा मात्र चढलेला. डॉक्टरांनी धोका नको म्हणून दवाखान्यात ठेवून घेतलं. दोनच दिवसांत खोकला सुरू झाला, पण औषध आधीच पोटात गेलेलं, त्यामुळं उसळी जागच्या जागी दबली. बाई चकित. "मला कळायच्या आधी माझ्या रक्ताला कळतंय की गं! माझ्या वर्गात असतं तर मॉनिटर केलं असतं त्याला."

पण त्या गडबडीत त्यांचा दसरा हुकला. दसऱ्याला आमच्याकडं घरोघरी जाऊन बन्नीची, म्हणजे शमीची, पानं द्यायची. "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण," बन्नी घेऊन सोन्यासारखं राहू या, असं म्हणायचं आणि वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं. बाईंकडं त्या दिवशी जुन्या विद्यार्थ्यांची रांग लागायची. कुणी वकील, कुणी कारकून, कुणी आजोबा व्हायला आलेला. बाई प्रत्येकाला सतराचा पाढा विचारून मगच लाडू द्यायच्या. एवढाच त्यांचा सण. परत आल्यावर मला म्हणाल्या, "मी घरात नसले तर पोरं काय कुलपाला बन्नी देऊन जातील?"

पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात त्या तपासणीला आल्या. चेहरा जरा ओढलेला वाटला. विचारलं, तर म्हणाल्या, "लाडवांचे दाणे भाजत होते गं." आकडा छान खाली आला. मी फोन करून सांगितला तेव्हा त्या लहान मुलीसारख्या हसल्या.

खंडेनवमीच्या सकाळी शेजारणीचा निरोप आला. बाईंना रिक्षात घालून हुबळीला नेईपर्यंत ओठ निळे पडले होते. डॉक्टर पुन्हा पुन्हा माझा रिपोर्ट बघत होते. इतक्या चांगल्या आकड्यामागून इतकी मोठी उसळी कशी, ते त्यांना उमगेना. शेवटी बाईंनीच तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"मागच्या वेळच्या गोळ्या... उरल्या होत्या," त्या तुटक तुटक म्हणाल्या. "त्याच खाऊन आले होते. छाती भरायला लागली होती ना. म्हटलं, नंबर वाढला तर हे पुन्हा डांबतील." आणि मग, देवा, त्या चक्क डोळ्यांनी हसल्या. "पण पास झाले की नाही?"

त्या स्टेरॉइडच्या गोळ्या होत्या. त्यांनी आकडा दाबला. आतला जंतूंचा जाळ मात्र वाढतच राहिला. डॉक्टरांनी मास्क हलकेच नीट बसवला आणि बाईंचा हात हातात धरून उभे राहिले.

दसऱ्याच्या दुपारी बाई गेल्या.

कपाटातली साडी आणायला मी मळमड्डीत परतले. गल्लीत अजून कुणाला कळलेलं नव्हतं. बाईंच्या दाराला कुलूप, आणि त्या कुलपात, कडीत, फळ्यांच्या फटीत, उंबऱ्यावर, सगळीकडं बन्नीची पानं. येणारा प्रत्येक जण ठेवून गेला होता. पोरांनी खरंच कुलपाला बन्नी दिली होती, बाई.

किल्ली हातात असून मला ते कुलूप उघडवेना. पानं पडली असती. मी पायरीवर बसले आणि रडले, आणि खरं सांगते, रडता रडता मला त्यांचा पुन्हा तसाच राग आला, सहामाहीच्या वेळचा. मला एका मार्कासाठी नापास करताना ज्यांचा हात कापला नाही, त्यांना स्वतःला एकदा, फक्त एकदा, नापास होऊन घ्यायला काय झालं होतं?