एकाच साच्याचे दोन पंख

भावोजी, म्हणजे माझ्या ताईचे यजमान, बंगळूरच्या विमान कारखान्यात आराखडे काढत. साठच्या दशकाच्या अखेरीस त्यांची बदली नाशिकला झाली आणि निघण्याआधी एकच रविवार उरला. त्या रविवारी त्यांना आपले ग्लायडर उडवायचे होते. हे बाल्सा लाकडाचे, बिनइंजिनाचे, रेडिओवर चालणारे छोटे विमान त्यांनी घरीच बनवले होते. रेडिओचा संच मात्र शेजारच्या अण्णांचा. अण्णा बेळगावकडचे, त्याच कारखान्यातले. परदेशी प्रशिक्षणाहून येताना त्यांनी तो आणला होता. संच बंगळूरातच राहणार होता. हा रविवार हुकला तर ग्लायडर नाशिकला नुसते भिंतीवर टांगायचे.

संचात दोन सर्वो होते. सर्वो म्हणजे संदेश मिळताच दांडी फिरवणारी लहानशी मोटार. भावोजींनी प्रत्येक पंखात एक बसवला. पंखाच्या मागच्या कडेला झडप असते; सर्वोची दांडी तारेने ती हलवते. एक झडप वर आणि दुसरी खाली गेली की विमान कलते आणि वळते.

सर्वो थेट चिकटवायचा नाही, हा त्यांचा नियम. त्याला सुती पट्टी गुंडाळायची आणि गोंद पट्टीला लावायचा. काढायचा झाला तर पट्टी कापली की निघतो. सर्वो बसवायचे पंखांतले कप्पे त्यांनी एकाच साच्यावरून कापले. कोणताही भाग कुठेही बसला पाहिजे, ही कारखान्याची शिस्त. मग पंखांना वरखाली ताईने आपल्या जुन्या साडीचे रेशीम ताणून लावले.

शनिवारी दुपारी पंख जोडून भावोजींनी हातातल्या संचाची कांडी हलवली. दोन्ही झडपा एकदम वर गेल्या.

"हे तर उडायच्या आधीच हात वर करून शरण आलं की हो!" अण्णा म्हणाले.

भावोजींनी पुन्हा कांडी हलवली. पुन्हा तेच. दोन्ही सर्वो एकाच बाजूला तोंड करून बसले होते. दोन्ही पंखांतले कप्पे एकाच साच्याचे. डावा-उजवा फरक ठेवलाच नव्हता.

"एक उलटा बसवायला हवा," भावोजी म्हणाले. "पण रेशीम कापावं लागेल. राहू दे आता."

"राहू दे काय?" ताई म्हणाली. "साडी माझी. ब्लेड द्या इकडे."

तिने उजव्या पंखाचे खालचे रेशीम कापले. भावोजींनी पट्टी कापून सर्वो काढला, कप्प्याची एक भिंत कोरली आणि सर्वो फिरवून बसवला. कांडी हलवताच एक झडप वर गेली, दुसरी खाली.

"सरी!" अण्णा कानडीत म्हणाले. "आता जमलं."

ठिगळासाठी साडीचा जांभळा काठच उरला होता. तोच लावला.

बनशंकरीच्या देवळापलीकडे तेव्हा मोकळा माळ होता. रविवारी सकाळी अण्णा दोरी घेऊन धावले आणि ग्लायडर पतंगासारखे वर चढले. दोरी सुटली. भावोजींनी कांडी उजवीकडे नेली. ग्लायडर कलले आणि वळले. खालून जांभळे ठिगळ स्पष्ट दिसत होते.

"स्वल्प डावीकडं, स्वल्प!" अण्णा ओरडले. तेही झाले.

सोमवारी सामान बांधताना रेशीम पुन्हा कापावे लागले. भावोजींनी दोन्ही सर्वो काढून, पुसून अण्णांच्या हाती दिले.

"नाशकात दुसरा संच मिळाला तर?" अण्णांनी विचारले.

"कप्पे तयार आहेत," भावोजी म्हणाले. "एक डावा, एक उजवा."