जाड फाइलीच्या पोटात

कोर्टासमोर झेरॉक्सबाईंचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक मशीन, एक टेबल, एक पंखा आणि बाईंचं तोंड. सकाळी शटर वर गेलं की टेबल सोडून बाकी काहीच संध्याकाळपर्यंत थांबत नाही.

कोर्टाचं स्वतःचं मशीन कधी बंद पडलं हे कोर्टालाही आठवत नसेल. म्हणून एक रीत पडून गेली होती. कुणी जुन्या दाव्याच्या नकलेसाठी अर्ज केला, की रेकॉर्ड रूममधून फायली निघायच्या, शिपाई त्या रुमालात बांधून रस्ता ओलांडायचा, बाई प्रती काढायच्या आणि फायली परत जायच्या. ही रीत कुठल्या नियमात बसत नव्हती. पण गाव लहान, कोर्ट त्याहून लहान, आणि गाडं चालतंय तोवर चाकाला हात कोण लावतो?

बाईंचा एक बाणा होता. काचेवर ठेवलेला कागद त्या वाचत नसत. "लोकांची भांडणं वाचायला लागले तर मला घास गिळायचा नाही," असं त्या सांगत. सल्ला मात्र फुकट आणि भरपूर. "मूळ कागद कुणाच्या बापाला देऊ नका. आधी दोन प्रती काढा, मग काय ती देणीघेणी." हे त्यांनी अख्ख्या तालुक्याला ऐकवलं होतं. आणि स्वतः काय केलं? ठकीला शाळेत घालताना मुख्याध्यापिकेने कोर्टाचा कागद मागितला, तेव्हा बाईंनी हातात होती तीच एकुलती नक्कल देऊन टाकली. प्रत काढू उद्या, मशीन काय घरचंच आहे! पुढे शाळेचं छप्पर गळलं, कपाटातल्या कागदांचा लगदा झाला आणि बाईंचा तो उद्या कधी उगवलाच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

ठकी म्हणजे त्यांच्या धाकट्या बहिणीची मुलगी. बहीण गेली तेव्हा ती भिंतीला धरून चालायला शिकत होती. बाप कामासाठी दूर निघाला होता, त्याला पोर झेपणारी नव्हती. कोर्टाने तिला मावशीच्या ताब्यात दिलं. तेव्हाचे वकील बाहेर येऊन म्हणाले होते, "पोरगी आता तुमचीच." बाईंना तेवढं पुरलं. तो आदेशही त्यांनी कधी वाचला नाही.

आता आठ वर्षांनी बाप परत आला होता. त्याचं बस्तान बसलं होतं, घर झालं होतं, घरात दुसरी बायको होती. त्याने अर्ज टाकला, की मुलगी तात्पुरती सांभाळायला दिली होती, कोर्टाचा कसलाही आदेश झालेला नाही, सबब ती मला मिळावी. बाईंच्या वकिलांनी चष्मा काढून स्पष्टच सांगितलं, "उद्या सकाळी त्या आदेशाची नक्कल पुढे आली नाही, तर साहेब पोर बापाच्या हवाली करतील. बाप तो बाप. आपण काय दाखवणार, आठवण?"

म्हणून त्या दिवशी शटर बंद ठेवून बाई रेकॉर्ड रूममध्ये उभ्या होत्या. खोली लांबट, खिडक्या जाळीच्या, आणि छतापर्यंत रॅकवर लाल रुमालात बांधलेले गठ्ठे. रेकॉर्डवाले भाऊसाहेब शिडीवर चढून त्या वर्षाचा गठ्ठा काढत होते. त्यांनी तो टेबलावर सोडला, धूळ उडाली. एकेक फाइल काढून त्यांनी क्रमांक वाचले. शेवटच्या फाइलीनंतर परत पहिल्यापासून वाचले.

"नाही, बाई."

"नाही म्हणजे? नीट बघा ना भाऊसाहेब."

"दोनदा बघितलं. मागच्या-पुढच्या वर्षाचेही गठ्ठे सोडून बघितले सकाळीच. फाइल जागेवर नाही." भाऊसाहेब माणूस वाईट नव्हता, पण निवृत्तीला टेकला होता आणि निवृत्तीला टेकलेला माणूस कागदाला साप समजतो. त्यांनी बाईंचा अर्ज पुढे ओढला आणि पेनाचं टोपण काढलं. "मी शेरा मारतो. अभिलेख मिळून येत नाही."

बाईंनी अर्जावर हातच ठेवला. असले शेरे त्यांनी शेकड्याने छापून दिले होते. तो शेरा एकदा पडला की माणसं दुकानाच्या पायरीवर बसून राहतात आणि कुणी त्यांना ऊठ म्हणत नाही, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"भाऊसाहेब, पाया पडते. ऑफिस सुटेपर्यंत थांबा. शेरा मारायला काय, पाच वाजताही मारता येतो."

"शोधणार कुठे पण?"

"आधी सांगा, ही फाइल शेवटची कुणी काढली?"

भाऊसाहेबांनी नाइलाजाने नकलांची नोंदवही उघडली. बोट खाली खाली जात एका ओळीवर थांबलं. त्यांनी एकदा बाईंकडे पाहिलं आणि वही त्यांच्याकडे फिरवली. गेल्या वर्षी नक्कल मागितली होती ती बापाच्या वकिलाने. म्हणजे आदेश आहे हे त्या वकिलाला पक्कं ठाऊक होतं, आणि तरीही अर्जात नाही म्हणून ठोकून दिलं होतं. पण बाईंनी वही जवळ ओढली ती त्यासाठी नाही. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, प्रती बाहेरून काढल्या. बाहेरून म्हणजे कुठून, हे काय सांगायला हवं? ठकीचा आदेश त्यांनीच काचेवर ठेवला होता, बटण दाबलं होतं, वर बहुतेक कुणाशी तरी हसत गप्पाही मारल्या होत्या. कागदाकडे पाहायचं नाही हा बाणा! जळो मेला बाणा, असं त्या मनात म्हणाल्या, आणि मनात म्हणताना ओठही हलले.

"इथून गेली ती परत आली ना?"

दारातला शिपाई म्हणाला, "आली म्हणजे आलीच. मीच आणली असणार." त्याला सगळं कोर्ट सावकाश म्हणत असे, कारण काहीही सांगितलं की तो "सावकाश होईल" म्हणायचा आणि शब्दाला जागायचा. "तुम्ही दिला तसाच गठ्ठा आणतो मी. वरचे क्रमांक बघतो, ज्या त्या जागी ठेवतो."

"वरचे क्रमांक," बाई म्हणाल्या, आणि त्यांना आपलं टेबल दिसलं.

दुकानातला पंखा. बारक्या फायली टेबलावर ठेवल्या की त्यांची पानं उडायची. म्हणून बाईंनी स्वतःची अशी एक युक्ती काढली होती. पातळ फाइलीच्या प्रती काढून झाल्या की ती जाड फाइलीच्या पोटात सरकवायची, म्हणजे वारा लागत नाही. परत बांधताना आठवणीने काढायची. रोज काढायच्या त्या. रोज म्हणजे, एखादा दिवस सोडून.

"भाऊसाहेब, त्या दिवशी अजून कुठल्या फायली आल्या होत्या? जाडी कुठली होती?"

भाऊसाहेबांनी बोट एक ओळ वर नेलं आणि कपाळाला हात लावला. "विहिरीचा दावा."

विहिरीचा दावा कुणाला ठाऊक नव्हता! दोन चुलत घरं एका विहिरीवरून भांडत आली होती. मूळ भांडणारे कधीच गेले, विहीर आटली, पण दावा भरल्या अंगाचा होता आणि दरवर्षी बाळसं धरत होता.

"कुठल्या रॅकवर आहे?"

"रॅकवर असती तर मग काय हवं होतं? वरून फेरसुनावणीला परत आलाय. आज शेवटचा युक्तिवाद आहे. फाइल साहेबांच्या पुढ्यात आहे."

कोर्टहॉलमध्ये बाई मागच्या बाकावर जाऊन बसल्या. फाइल समोर दिसत होती, साहेबांच्या कोपराजवळ, उशीएवढी. एक वकील उठला, त्याने विहिरीची खोली सांगितली. दुसरा उठला, त्याने ती खोडून काढली. साहेब मधूनच एखादं पान उलटत, आणि प्रत्येक वेळी बाईंचा जीव खालीवर होई. पातळ फाइल आत असली तर घसरून पडेल, पडली तर कळेल, पडू दे देवा! पण पडली नाही. मग वाटायला लागलं, नसेलच तर? वर्षभरात ती वरच्या कोर्टात जाऊन आली, किती हातांनी सोडली-बांधली असेल. कुणी काढून टाकली असली तर बापाच्या वकिलाकडची नक्कल सोडून जगात तो आदेश कुठेच उरला नव्हता, आणि तो वकील ती थोडाच बाहेर काढणार होता. ठकी शाळेतून आली असेल, शेजारच्या काकूंकडे बसली असेल, हेही त्यातच आठवत होतं.

भिंतीवरचं घड्याळ पाचाकडे सरकलं. साहेबांनी हात वर केला. "झालं. निकाल राखून ठेवतो. फाइल गाडीत ठेवा, घरी बघेन."

सावकाशने फाइल उचलली आणि बाहेर चालू लागला. बाई उठून त्याच्या मागे. मागून भाऊसाहेब, हातात नोंदवही, बगलेत अर्ज. व्हरांड्यात तिघांची कुजबूज झाली. "फक्त सोडून बघ रे," बाई म्हणाल्या. "साहेबांना विचारल्याशिवाय मी दोरी सोडणार नाही," सावकाश म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो घाईने चालला, तोही नेमका गाडीकडे!

पायरीवर साहेब थांबले. "काय गडबड आहे?"

भाऊसाहेबांनी घसा साफ केला. "साहेब, एक बारकी फाइल चुकून यात गेली असावी असं... म्हणजे कधी गठ्ठा बांधताना..."

"चुकून नाही, साहेब," बाई म्हणाल्या. आवाज त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही. "मी ठेवली असणार. दुकानात पंख्याने पानं उडतात म्हणून मी जाड्या फाइलीत पातळ ठेवते. काढायची राहिली असेल."

"दुकानात?" साहेबांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. "कोर्टाच्या फायली दुकानात जातात?"

भाऊसाहेबांनी नोंदवही पाठीमागे धरली. साहेबांनी खुणेने फाइल तिथेच व्हरांड्यातल्या बाकावर ठेवायला सांगितली. सावकाशने दोरी सोडली. नकाशे, साक्षी, पावत्या, वारसांची यादी, आणि नकाशांच्या घडीत दडलेली, पातळशी, बदामी पुठ्ठ्याची फाइल. क्रमांक भाऊसाहेबांनी वाचला. बाईंना तो ऐकू आला नाही, कारण त्या रडत होत्या, अगदी आवाज करून, भर व्हरांड्यात.

साहेबांनी त्यांना पाणी द्यायला लावलं. मग म्हणाले, "नक्कल आज द्या. हे शेवटचं. उद्यापासून एकही फाइल या दारातून बाहेर जाणार नाही." म्हणजे बाईंचं निम्मं काम गेलं. गेलं तर गेलं.

भाऊसाहेब आणि सावकाश दोघंही सोबत दुकानात आले, आता पहाऱ्यासारखे. बाईंनी आदेश काचेवर ठेवण्याआधी हातात धरला आणि उभ्या-उभ्या वाचला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

'पोरगी तुमचीच' असं त्यात कुठेही नव्हतं. मुलगी मावशीकडे राहील, असं होतं. पुढे होतं, की मुलगी जाणती झाल्यावर बापाने मागणी केल्यास मुलीची इच्छा विचारावी, आणि ती म्हणेल त्याप्रमाणे ठरवावं.

"काय झालं बाई? बटण दाबा ना," सावकाश म्हणाला.

बाईंनी बटण दाबलं. कागद नसता तर पोर उद्या बापाची झाली असती. कागद होता म्हणून आता ती कुणाचीच नव्हती, तिची तिची होती. आणि गेल्या महिन्यात बाप दारात येऊन गेला तेव्हा ठकी खिडकीला चिकटून उभी होती, हे बाईंनी पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं केलं होतं.

घरी ठकी जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. बाई तिच्याजवळ बसल्या. जिभेवर बरंच काही होतं. तुला ताप यायचा तेव्हा कोण जागलं, तो कुठे होता, सगळं तोंडपाठ. रोजचंच होतं ते, आज फक्त जरा जोरात म्हणायचं होतं.

"उद्या साहेब तुला विचारतील," बाई म्हणाल्या. "खरं सांग."

ठकीने मान वर केली. "खरं म्हणजे कुठलं?"

 बाईंनी तिच्या केसांतला गुंता सोडवायला घेतला.

सकाळी नक्कल साहेबांपुढे गेली. बापाचे वकील फायलीत काहीतरी शोधायला लागले. साहेबांनी नक्कल त्यांच्यासमोर सरकवली, मग सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. ठकीला खुर्चीत बसवलं, पाय जमिनीला टेकत नव्हते.

"तुला कुणाकडे राहायचंय, बाळ?"

 बाईंनी पदराचं टोक मुठीत इतकं आवळलं होतं की बोटं पांढरी पडली.

"मावशीकडे," ठकी म्हणाली. बाईंचा श्वास सुटला. पण ठकीचं झालेलं नव्हतं. "पण तिला सांगा, बाबा वाईट आहेत असं मला रोज सांगू नको म्हणून. मला तिच्यासमोर खिडकीतसुद्धा उभं राहता येत नाही."

साहेब बाईंकडे वळले. "तुम्हाला काही म्हणायचंय?"

ज्यांचं तोंड पंख्यासारखं चालतं असं सगळं गाव म्हणतं, त्या बाई म्हणाल्या, "नाही. ती म्हणते ते बरोबर आहे." आणि मान खाली घातली ती वर केली नाही. विहिरीच्या दाव्यातल्या माणसांची त्यांनी आयुष्यभर थट्टा केली होती, आणि पोरीची विहीर त्यांनीच करून ठेवली होती.

व्हरांड्यात बाप खांबापाशी उभा होता. बाई जवळून जायला लागल्या तसा तो म्हणाला, "आदेश नाही असं वकिलाने लिहिलं. मी नुसती सही केली. वाचलं नव्हतं."

एरवी बाईंनी त्याचं जागच्या जागी भरीत केलं असतं. पण 'वाचलं नव्हतं' यावर त्या कुठल्या तोंडाने बोलणार होत्या? त्या थांबल्या. ठकीचा हात त्यांच्या हातात होता.

"रविवारी दुकान बंद असतं, भावोजी," त्या म्हणाल्या. "या."

ठकीने बापाकडे पाहिलं नाही. तिने आधी मावशीच्या तोंडाकडे पाहिलं, ती हे खरंच म्हणाली का, ते बघायला.