हंसाबेनचा पांचडो

आधी निकाल सांगतो. आमच्या अनघाला टीबी नव्हता... सोमवारी डॉक्टरांनी तिला तपासून तसं पक्कं सांगितलं. पण मला ते शनिवारीच कळलं होतं, आणि तेही लॅबमधल्या हंसाबेनमुळे.

गोष्ट नव्वदीच्या सुरुवातीची. आम्ही सिल्वासाला, टोकरखाड्यात राहत होतो. मी एका दैनिकाला बातम्या पाठवायचो, बायको मराठी शाळेत शिकवायची.

अनघा सहा वर्षांची. तीन आठवडे रोज संध्याकाळी अंगात कणकण, आणि मानेमागे हाताला लागणाऱ्या दोन-तीन गाठी. डॉक्टरांनी रक्ताच्या चार तपासण्या लिहून दिल्या आणि ते सुरतला गेले... येणार सोमवारी.

शुक्रवारी संध्याकाळी निकाल आणायला गेलो. छापील फॉर्म संपले होते, म्हणून हंसाबेन साध्या चिठ्ठीवर निकाल लिहून शिपायाकडे ठेवून गेल्या होत्या. तपासण्यांची नावं इंग्रजीत, निकाल गुजरातीत. पहिल्या तीन नावांपुढे 'ने'. चौथ्यापुढे, म्हणजे ईएसआरपुढे, 'प'.

गुजराती अक्षरं मला लागायची. 'ने' म्हणजे निगेटिव्ह. मग 'प' म्हणजे काय, हे कुणाला विचारायची गरजच वाटली नाही...

शेजारचे पाटील धुळ्याकडचे, धाग्याच्या कारखान्यात कामाला. त्यांनी चिठ्ठी पाहिली. "भाऊ, ईएसआर म्हनजे टीबीचीच टेस्ट. माझ्या साल्याची बी हीच केली होती." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "पोरीले मुंबईले न्या. वेळ नका घालू."

बायकोने अनघाचं ताट आणि पेला वेगळा काढला. सकाळी वापी, तिथून मुंबई असं ठरलं, बॅग भरली. "आई, मी आज तुझ्याजवळ का नाही झोपायचं?" अनघा विचारत राहिली.

मुंबईच्या डॉक्टरांना दाखवायला नीट रिपोर्ट हवा, म्हणून निघण्याआधी तिघंही लॅबवर गेलो. हंसाबेननी चिठ्ठी बघितली, मग मला बघितलं.

"प? कौनसा प? अरे भाई, आ तो पांचडो छे! पांच! एकदम नॉर्मल!"

गुजरातीत पाचचा आकडा आपल्या 'प'सारखाच काढतात. बाजारातल्या भावाच्या पाट्यांवर मी तो रोज वाचत होतो. पण तीन 'ने'च्या खाली तो दिसला आणि मी त्याचं अक्षर करून टाकलं. दोन ठिकाणी खात्री केल्याशिवाय साधी अपघाताची बातमी न पाठवणारा मी!

त्या हसून मोकळ्या झाल्या असत्या तरी चाललं असतं. पण बायकोचा चेहरा बघून त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "बेन, बसो. माझ्या बोलण्यावर जाऊ नका. फिरसे करते हैं."

बाहेर माणसं ताटकळत होती. तरी त्यांनी पुन्हा रक्त घेतलं, एका लांब काचेच्या नळीत भरलं आणि नळी स्टँडला उभी केली. "अंदर जुना बिघाड असेल ना, तर बहुतेक वेळा लाल रक्त भरभर खाली बसतं. एक तास. तुम्हीच बघा."

आम्ही नळीकडे बघत बसलो. तेवढ्यात येता-जाता हंसाबेननी अनघाचे केस बाजूला केले... "बेन, आ जुओ. डोक्यात उवा. खाजवून खाजवून जखमा झाल्या. गाठी यानेही येतात. पण ते साहेब सांगतील, मी नाही."

बायकोला कुठे तोंड लपवू असं झालं. शाळेत दर आठवड्याला चाळीस पोरांची डोकी तपासणारी बाई ती!

तास भरला. "गिनो," हंसाबेन म्हणाल्या. नळीत वर पिवळट पाणी दिसत होतं. तेवढ्या भागातल्या नळीवरच्या रेघा मी बोट लावून मोजल्या... पाच. मग त्यांनी नवी चिठ्ठी लिहिली आणि पाच हा आकडा इंग्रजी, गुजराती, मराठी असा तिन्ही लिपींत काढला.

चूक माझी, तास त्यांचा. पुढे मी पुष्कळ मोठी माणसं पाहिली, त्यांच्यावर लिहिलं. पण समोरच्याची भीती नुसत्या शब्दांनी जाणार नाही, त्याला स्वतः मोजू द्यावं लागेल, हे इतक्या सहज ओळखणारं माणूस क्वचित भेटलं.

त्यांना रविवारी जेवायला बोलावून आम्ही घरी आलो. बॅग सोडता सोडता बायको म्हणाली, "अहो, त्यांना कांदा-लसूण चालतो का?"

"गुजराती आहेत, म्हणजे..." एवढं म्हणालो आणि थांबलो. पायात चपला सरकवल्या, आणि विचारायला परत लॅबकडे निघालो.