लाईट गेल्यावर

'हॅपी' हा शब्द वाक्यात वापरा, असं मी सातवीच्या मुलांना सांगितलं. एकेक जण उठून गाईडातलं तेच वाक्य म्हणू लागला, ''आय अ‍ॅम हॅपी टुडे.'' इतकी वर्षं हेच ऐकून मीही आता वर न बघताच ''बरोबर, बस'' म्हणते.

मग सुरेखा उठली. ''माय मदर इज हॅपी व्हेन लाईट गोज.''

वर्ग हसला.

''का गं?''

''यंत्रमाग बंद पडतात ना बाई. मग आई जरा बसते.''

दुपारी खरंच लाईट गेली. गावभरची मागांची खडखड थांबली. पंखाही थांबला, तरी बरं वाटलं. मी खुर्चीत टेकले. थोड्या वेळानं लाईट आली, तशी पोरं ''आली!'' म्हणून ओरडली. सुरेखा तेवढी गप्प होती. तिची आई आता उठली असेल.

मीही उठले.