जावक क्रमांक नसलेलं पत्र

कर्वेनगरच्या त्या शाळेत तीन मुख्याध्यापिका बदलल्या, घंटा जाऊन भोंगा आला, पण दारातल्या काचेच्या सूचनाफलकाची किल्ली श्यामसुंदर आगाशे यांच्याच खिशात राहिली. हुद्द्याने ते मुख्य लिपिक. स्वतःच्या मते मात्र राज्याचं शिक्षण खातं आणि सहाशे पालक यांच्यामध्ये उभा असलेला एकमेव शहाणा माणूस.

नियम साधा होता. खात्याची सूचना कितीही महत्त्वाची असो, पत्राच्या डोक्यावर जावक क्रमांक आणि तळाशी सही असल्याशिवाय ती फलकावर लागत नसे. मोबाइलवर फिरणाऱ्या पत्रांना तर ते पत्र म्हणायलाही तयार नव्हते. चित्र म्हणायचे. एखाद्या पालकाने फोन पुढे केला की चष्मा कपाळावर चढवायचे, तळाशी बघायचे आणि विचारायचे, "सही कुठाय?" पालक फोटो खालीवर सरकवून बघायचे. "मग या आपण." बोलण्यात आदर पुरेपूर, सोय काहीच नाही.

असल्या माणसाचा वैताग यावा, पण पंचाईत अशी की ते बरोबर निघायचे. गेल्या एप्रिलमध्ये उन्हामुळे शाळा सकाळची झाल्याचं पत्र सगळ्या ग्रुपवर फिरलं आणि निम्मी मुलं सातलाच फाटकाशी हजर झाली. श्यामसुंदरराव पावणेसातलाच येऊन थांबले होते, ही गंमत चुकू नये म्हणून. प्रत्येक आईला त्यांनी शांतपणे पत्रावरचं साल दाखवलं. ते आदल्या वर्षीचं होतं. त्यानंतर काही महिने त्यांच्याशी बोलणं अवघड झालं.

दुसरा नियम ऑफिसच्या आतला. ईमेलने आलेली पत्रं शिपाई रतनबाई सकाळी छापून ट्रेमध्ये ठेवायच्या. श्यामसुंदरराव ती दुपारी तीनच्या चहानंतर हातात घ्यायचे. आधी आवक वहीत नोंद, मग वाचन. नोंदीआधी पत्र वाचणं त्यांना आंघोळीआधी जेवल्यासारखं वाटायचं.

एका बुधवारी सकाळी दहाला नंदा वानखेडे ऑफिसात आली. मूळची वाशिमकडची, आता पुण्याच्या दुसऱ्या टोकाला खराडीच्या एका आयटी कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करणारी. तिची अवनी आठवीत, गणितात सगळ्या वर्गाच्या पुढे. आठवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला एकदाच बसता येतं, पुढच्या वर्षी पोरगी नववीत. आणि फॉर्मची मुदत सोमवारी संपली तेव्हा सासू आजारी म्हणून मायलेकी गावी होत्या.

"सर, तारीख वाढली म्हणतात. आज संध्याकाळी सहापर्यंत. पाहा ना." तिने फोन पुढे केला. पत्राचा फोटो, वरून-खालून कापलेला.

"सही कुठाय?"

"फोटोत नाही आली."

"जावक क्रमांक?"

ते काय असतं हेच नंदाला ठाऊक नव्हतं.

"नंदाताई, आपण चित्र आणलंय. पत्र आणा, लगेच फॉर्म भरतो."

साडेअकराला तिची पाळी होती, वाद घालायला वेळ नव्हता. "लई अभ्यास केला सर पोरीनं," एवढंच म्हणून ती बस धरायला गेली. श्यामसुंदररावांना वाईट वाटलं. नियमाने वागल्याचं समाधान त्याहून थोडं जास्त वाटलं.

तीनला चहा झाला. त्यांनी वही उघडली, ट्रे ओढला आणि तिसऱ्याच कागदावर त्यांचं पेन थबकलं. शिष्यवृत्ती परीक्षेच्या अर्जांना बुधवारी सायंकाळी सहापर्यंत मुदतवाढ. वर जावक क्रमांक, खाली सही, गोल शिक्का. कोपऱ्यात छापल्याची वेळ, नऊ वीस. म्हणजे नंदा समोर उभी होती तेव्हा हे पत्र त्यांच्या कोपरापासून वीतभर अंतरावर पडलेलं होतं.

त्यांनी नंदाला लगोलग तीनदा फोन लावला, पण कँटीनवाल्यांचे फोन कामाच्या वेळी कुलपात असतात. आठवीच्या वर्गशिक्षिका नीरजाबाई म्हणाल्या, "फॉर्म मी भरून ठेवते. राहिली संमतिपत्रावरची पालकांची सही. ती मीच ठोकून देऊ का?" श्यामसुंदररावांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्या निमूट कॉम्प्युटरकडे वळल्या. मग कोरं संमतिपत्र खिशात कोंबून त्यांनी स्कूटर काढली. पत्र टेबलावरच राहिलं आणि तीस वर्षांत पहिल्यांदा वहीतली ओळही रिकामी राहिली.

स्वारगेटच्या चौकातच वीस मिनिटं गेली. आयुष्यात प्रथमच त्यांच्या मनात सिग्नल तोडायचा विचार आला. तोडला नाही, पण विचार आला. खराडीला पोचेपर्यंत पाच वाजले.

निरोप गेल्यावर नंदा पिठाच्या हातांनी बाहेर आली. श्यामसुंदररावांनी काही लपवलं नाही. "पत्र सकाळीच आलं होतं. माझ्या टेबलावर होतं. मी वाचलं नव्हतं. चूक माझी." आणि संमतिपत्र पुढे केलं.

नंदाने हात पुसले, पण कागद घेतला नाही. "पत्र दाखवा."

त्यांनी खिसे चाचपले. मग फोन काढला. नीरजाबाईंनी मागाहून पाठवलेला पत्राचा फोटो त्यात होता, घाईत काढलेला, तळ कापलेला. नंदाने तो नीट, सावकाश पाहिला.

"सर, सही कुठी हाये?"

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नव्हता. "फोटोत नाही आली," ते म्हणाले, आणि त्यांची मान खाली गेली.

नंदाने त्यांना तसंच उभं ठेवलं. शेवटी घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा तिने पेन मागितलं. "बरं. आणणारा मानूस ओळखीचा हाये," म्हणाली आणि सही केली.

त्या सहीचा फोटो श्यामसुंदररावांनी स्वतः काढला आणि नीरजाबाईंना पाठवला. पाच चाळीसला अवनीचा फॉर्म गेला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तीनच्या चहाची वाट पाहिली नाही. आल्याआल्या वही उघडली आणि रिकामी ओळ भरली. विषय, शिष्यवृत्ती परीक्षा मुदतवाढ. मिळाल्याची वेळ, बुधवार, सकाळी दहा. कोणाकडून, सौ. नंदा वानखेडे, पालक.

रतनबाई खांद्यावरून वाचत होत्या. "अहो, हे तर ईमेलनं आलं होतं ना? मीच छापलं की."

"ते मला तीनला मिळालं," श्यामसुंदरराव म्हणाले. "यांनी दहालाच आणून दिलं होतं."