मोडक्या कानाचा गैबीसाब

गैबीसाबाएवढा जिवाची चैन करणारा माणूस सोलापूरच्या अख्ख्या भवानी पेठेत नव्हता, आणि त्याच्याएवढा भित्राही नव्हता. जत्रेला जाताना ट्रकनं जरा वेग घेतला की हा माझं धोतर घट्ट धरायचा. आम्ही दोघं एकाच कारखान्यात शेजारशेजारच्या मागांवर चादरी विणायचो. कुठल्या गावाला जत्रा आहे, कुठं गाणं आहे, कुठं कुस्त्या आहेत, याची बित्तंबातमी त्याच्याकडं. सुट्टी आली की, "तात्याबा, चल की!" आणि मी मुकाट निघायचो.

आता खरं सांगतो. आमच्यासारख्याला एवढी चैन परवडणार कुठून? त्याचा डावा कान मोडलेला होता. मागावर सूत नेणारा धोटा उडून बसला होता त्यावर. पण अंग आडवंतिडवं, आणि कान चुरगळलेला म्हणजे पैलवानच, असं आमच्याकडची माणसं बघताक्षणी ठरवतात. परगावी कुणीतरी विचारलं, "पैलवान काय हे?" मी म्हटलं, "व्हय, सोलापूरचे." झालं! दुसऱ्या जत्रेला त्यानं गुलाबी फेटा बांधला आणि मी त्याचा वस्ताद झालो. गाण्याला पुढची सतरंजी, ट्रकात ड्रायव्हरशेजारी जागा, ताटात मटण जास्तीचं. कुणी लढायचं विचारलं तर मी म्हणायचो, गुडघा दुखावलाय. पाच वर्षं हा थाट चालला. अकलेचे कांदे आम्ही, दुसरं काय!

चौऱ्याहत्तर साली टेंभुर्णीच्या पलीकडं एका खेड्यात जत्रेला गेलो. जत्रेचे पंच आबासाहेब यांनी घरी नेऊन मटण, कडक भाकरी, शेंगांची चटणी, असं पोट फुटेस्तोवर जेवू घातलं. दुपारी मैदानात पहिल्या रांगेत बसवलं. हलगी कडाडत होती. शेवटच्या कुस्तीला भीमा नावाचा तरणाबांड पैलवान उभा राहिला, पण त्याचा जोडीदार आलाच नाही. आबासाहेब सरळ आमच्यापाशी आले. गैबीसाबाचा हात धरून त्याला आखाड्यात नेलं, तो हात भीमाच्या हातात दिला आणि दोघांचे हात वर केले. हात वर झाला की जोड लागली. मग माघार नाही. मी "गुडघा, गुडघा" ओरडलो, पण त्या हलगीत कोण ऐकतो?

लंगोटसुद्धा कुणाचा तरी मागून आणला. गैबीसाबानं तो कसाबसा नेसला. तोंड पांढरंफटक.

"तात्या, मान मोडंल रं माझी. जाहिदाला काय सांगशील?" जाहिदा त्याची बायको.

"मी हाय न्हवं," मी म्हटलं. "जरा जास्त वाटलं की सोडवतो."

ते माझ्याच हातात होतं. वस्तादानं आखाड्यात उतरून हात जोडले की कुस्ती सुटते, असा रिवाज. दुसऱ्या कुणाला मधे पडता येत नाही.

सलामी झाली आणि पहिल्याच झटक्याला गैबीसाब तोंडावर पडला. भीमा त्याच्या पाठीवर बसला, मानेत हात घातला आणि पिरगाळायला लागला. गैबीसाबाच्या तोंडात तांबडी माती गेली होती. डोळे तेवढे उघडे होते आणि ते गर्दीतून मला शोधत होते. मी सापडलो, तसे ते माझ्यावरच थांबले.

उठ, तात्याबा, उठ! मनात ओरडत होतो. पण उतरलो तर आबासाहेब विचारणार, एवढ्यात सोडवता? कुठल्या तालमीचे वस्ताद तुम्ही? अवतीभवती हजारो माणसं, निम्म्यांच्या हातात काठ्या. त्यांना कळलं तर आम्हाला तिथंच तुडवतील. भीमानं आणखी एक पीळ दिला. कट्ट असा आवाज झाला. मेला, म्हटलं, आणि मी डोळे मिटून घेतले. माझी लाज वाटते सांगायला, पण मिटले.

उघडले तेव्हा भीमानं पकड सैल केली होती. हाडाचा पैलवान तो, हाताखाली कच्ची मान आहे हे त्याला कळलं असणार. त्यानं कानाशी वाकून काहीतरी म्हटलं आणि गैबीसाबाची पाठ अलगद मातीला टेकवली. लोकांनी टाळ्या पिटल्या. कुणाला कशाचा पत्ता लागला नाही.

आम्ही टेंभुर्णीच्या वाटेनं चालत निघालो. गैबीसाबाची मान एका बाजूला आखडली होती.

"काय म्हटला रं तो भीमा?" मी विचारलं.

"चाचा, पाठ टेका, भिऊ नका, म्हटला."

मग मीच घाईनं बोलायला लागलो, "गर्दी लई होती रं. माणसं सारखी उठत होती. मला काय दिसंना, न्हायतर..."

तो थांबला. मान वळत नव्हती, म्हणून सगळं अंगच माझ्याकडं वळवलं.

"तात्या, मी तुज्याकडंच बघत होतो."

या वेळी मी डोळे मिटले नाहीत.

"दिसत होतं रं मला," मी म्हटलं.