आवाज कसला येतो?

नोएडात आमच्या नव्या सोसायटीत खालच्या मजल्यावर एक काका राहायचे. तेव्हा घरोघरी कॉम्प्युटर नुकतेच येत होते आणि मी हौसेने लिनक्स टाकून माझा बिघडवून ठेवायचो. इंटरनेटवरच्या मदतगटाला प्रश्न पाठवण्याआधी मजकूर काकांना दाखवायचा, असा शिरस्ताच पडला होता.

‘चालू होत नाही’ एवढंच लिहिलेलं दिसलं की त्यांचा चष्मा कपाळावर जायचा. "अरे यार, उत्तर देणारा कुठे परदेशात बसलाय. त्याला तुझा कॉम्प्युटरचा डबा दिसतोय का? डिस्क कोणती, स्क्रीनवर शेवटची ओळ कोणती आली, ते लिही. आणि आवाज कसला येतो? टिकटिक की घरघर?"

मग स्वतःच जिना चढून वर येत आणि डब्याला कान लावून, डोळे मिटून उभे राहत. इंटरनेट जोडताना माझा मॉडेम किंचाळत असला तरी खालून काकूंची हाक बरोबर ऐकू यायची, "अहो, चहा गार होतोय!"

काकू वारल्यानंतर काही महिन्यांनी ते मला गेटपाशी भेटले. मी विचारलं, "काका, कसं चाललंय?"

"चाललंय. बिल्कुल ठीक."

"एवढ्यावरून समोरच्याला काय कळणार?" मी म्हणालो. "नीट सांगा."

ते हसले. चष्मा कपाळावर गेला. डब्यापाशी मिटायचे तसेच त्यांनी डोळे मिटले.

"संध्याकाळी, चहाच्या वेळेला," ते सावकाश म्हणाले, "आवाजच येत नाही रे."